बी.ए. नसल्याचा दाखला

जुनी इंदूर भागातल्या आमच्या गल्लीत द्वारकाबाई जगदाळ्यांच्या घरी नवा माणूस आला, मग तो गॅसची टाकी आणणारा असो की मतदानाची चिठ्ठी वाटणारा, त्याला पाण्याच्या ग्लासाबरोबर एक माहिती मिळायचीच. ही आमची सून, बी.ए. आहे. सून म्हणजे वसुधावहिनी. त्या ग्लास ठेवून आत निघून जायच्या. आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे हे वाक्य मी वीस-बावीस वर्षं ऐकत आलो आहे. कधी कधी वैताग यायचा. मी स्वतः एम.कॉम. आहे, पण माझ्या आईनं ते कधी गॅसवाल्याला सांगितलं नाही.

द्वारकाबाईंचं तरी काय चुकलं म्हणा. जगदाळ्यांकडे होळकरांच्या काळापासून चाकरी चालत आलेली, पण हुद्दा कुणाच्याच वाट्याला आला नाही. यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि मागोमाग तेही गेले. एकुलता एक मुलगा मालोजी बारावीपाशी थांबला आणि कृष्णपुऱ्याकडच्या एका कापडाच्या दुकानात साड्या उलगडून दाखवायच्या कामाला लागला. तो आजही तेच करतो. तेव्हाच द्वारकाबाईंनी मनाशी पक्कं केलं की सून शिकलेली आणायची, घरात एक तरी डोकं पाहिजे. हे त्या मालोजीच्या समोरच म्हणायच्या. धारहून वसुधावहिनींचं स्थळ आलं, लग्नपत्रिकेत वधूच्या नावापुढे बी.ए. छापलं गेलं, आणि द्वारकाबाईंच्या मनाजोगं झालं.

वहिनींनी घराला काही कमी पडू दिलं नाही. खिडकीजवळ शिलाई मशीन, त्यावर दिवसभर फॉल-पिको आणि ब्लाउज. गल्लीतल्या कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या आधार कार्डातली दुरुस्ती, कुणाचा बँकेचा अर्ज, सगळं त्यांच्याकडे यायचं, कारण बी.ए. त्याच होत्या. अक्षर सुरेख. फक्त एक गोष्ट कुणाला कळायची नाही. नोकरीचं नाव काढलं की त्या अंग चोरायच्या. आमच्या भागातल्या एका प्राथमिक शाळेत जागा निघाली, द्वारकाबाईंनी जाऊन मुख्याध्यापकांशी बोलणं करून ठेवलं, आणि वहिनींना नेमकी अर्धशिशी सुरू झाली. पुढे बालवाडीत विचारणा झाली, तेव्हा त्यांची मुलगी तन्वी लहान होती. एका दवाखान्यात कारकून हवी होती, तेव्हा त्या म्हणाल्या की मला औषधांचा वास सहन होत नाही. मग द्वारकाबाईंचा तोंडाचा पट्टा चाले आणि तो भिंतीतून माझ्याकडेही येई. त्या डिग्रीचं काय लोणचं घालायचं आहे का, हे तर ठरलेलं. कामचोर, आळशी, माजलेली, हेही त्यात असायचं. वहिनी उलट बोलायच्या नाहीत. मशीनचा आवाज तेवढा वाढायचा.

एवढं दमलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. काम करून येणारा थकवा झोपेनं जातो. त्यांचा जात नसे. कशानं येतो ते मला यंदाच्या उन्हाळ्यात कळलं.

आता माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी बाळकृष्ण तारे, बायपासच्या पलीकडे एक खासगी विद्यापीठ आहे, त्याच्या प्रवेश विभागात आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, माझी नोकरी अजून संपलेली नाही. दरवर्षी मे-जून-जुलै हे महिने माझ्या आयुष्यातून वजा होतात. पालक आरडाओरडा करतात, मुलं रडतात, सर्व्हर बसतो. यंदा त्यात भर पडली ती बॅकग्राउंड स्कोरची.

कल्पना वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. फी माफ असलेल्या काही जागा आमच्याकडे असतात. आजवर त्या नुसत्या मार्कांवर जायच्या, आणि मार्क कुणाला मिळतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्या घरी दोन्ही पालक शिकलेले, कोचिंग लावलेलं, अभ्यासाला वेगळी खोली, त्याचे मार्क आणि सरकारी हिंदी शाळेतून आलेल्या, घरात पहिलीच कॉलेजला निघालेल्या पोरीचे मार्क एकाच तागडीत टाकायचे, हा न्याय नव्हे. म्हणून ठरलं की अर्जदाराची घरची माहिती घ्यायची. शाळा कोणती, घरात कमावणारे किती, आई-वडील किती शिकले. त्यावरून थोडे गुण वर द्यायचे. सगळ्यात जास्त गुण होते ते आई-वडिलांपैकी कुणीच पदवीधर नसेल त्याला.

हे सगळं बसवायला पुण्याहून एक मुलगी आली होती, अनुष्का देवधर. हुशार, कामसू, योजनेवर मनापासून विश्वास असलेली. तिनं पहिल्याच बैठकीत सांगितलं की लोक खोटी माहिती देणार हे गृहीत धरूनच चालायचं. खरंच होतं ते. गोदामाचा मालक मुलाच्या अर्जात स्वतःला हमाल लिहीत होता. वकीलबाई आठवी पास झाल्या होत्या. अशांना पकडायला घरभेटी होत्या, शेजाऱ्यांकडे चौकशी होती, शंकेखोर प्रश्न होते. गुणांसाठी आपल्याला आहे त्याहून कमी दाखवणाऱ्यांची सगळी नाकेबंदी आम्ही केली होती. कुणी बावीस वर्षांपूर्वी स्वतःला आहे त्याहून जास्त दाखवून बसलं असेल, आणि आता खरं सांगायला येईल, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

जगदाळ्यांच्या तन्वीनं आमच्याकडे बी.टेक.ला अर्ज केला होता. पोरगी चांगली. सरकारी शाळा, कोचिंग नाही, तरी मार्क असे की कुणीही पाठ थोपटावी. अर्ज तिनं स्वतः भरला. वडील बारावी, आई बी.ए. तात्पुरती यादी लागली आणि फी माफीच्या जागेतून ती थोडक्यात बाहेर राहिली. फी भरून शिकवणं मालोजीला या जन्मात जमणार नव्हतं, त्यामुळे ही जागा गेली तर जवळच्या कॉलेजात बी.कॉम., हे घरात ठरून गेलं.

त्या संध्याकाळी वहिनी ओट्यावर भाजी निवडत होत्या. यादीचं विचारलं. मी दमून आलेलो, बोललो ते सहज बोललो. म्हटलं, वहिनी, नशीब बघा, तुम्ही बी.ए. झाला नसता तर पोरीचं नाव वर असतं. त्यांचा हात भाजीत तसाच राहिला. मला वाटलं, वाईट वाटलं त्यांना. मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या ऑफिसात आल्या. दोन बस बदलून, बायपास ओलांडून, एकट्या. मी त्यांना आमच्या गल्लीबाहेर असं कधी पाहिलंच नव्हतं. कँटीनमध्ये बसवलं, चहा मागवला. चहावर साय धरली तरी त्या बोलेनात. मग टेबलाकडे बघत म्हणाल्या, "तारेभाऊजी, मी बी.ए. नाही आहे."

मी खुर्ची जवळ ओढली.

मग त्यांनी सगळं सांगितलं, हळूहळू, एखादी शिवण उसवावी तसं. बी.ए. फायनलला होत्या तेव्हा स्थळ आलं. त्यांच्या वडिलांनी बोलणी करताना मुलगी बी.ए. आहे म्हणून सांगून टाकलं, कारण परीक्षा तोंडावरच होती आणि पोरगी काही नापास होणारी नव्हती. पण जगदाळ्यांकडच्यांनी मुहूर्त अलीकडचा काढला आणि तो नेमका पेपरांच्या दिवसांत आला. लग्न पुढे ढकला असं म्हणणार कसं? जी बी.ए. झालेली आहे तिचे कसले पेपर? वडील म्हणाले, पुढच्या वर्षी गुपचूप देऊन टाक, कुणाला कळतंय. पण सासरी बी.ए. म्हणून आलेल्या सुनेनं बी.ए.च्या परीक्षेला बसायचं कसं? घरातून निघताना काय सांगायचं? एक वर्ष गेलं, दोन गेली, मग वडीलही गेले. शाळेची नोकरी आली की पहिल्यांदा मार्कशीट मागणार, म्हणून अर्धशिशी. दवाखान्यातही मागणार, म्हणून औषधांचा वास. या बाईनं आयुष्यातली प्रत्येक नोकरी एका न दिलेल्या परीक्षेपायी सोडली होती आणि आळशी म्हणून घेतलं होतं. मला ते ऐकताना त्यांच्या वडिलांचा राग आला, द्वारकाबाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या लग्नाच्या मुहूर्ताचा आला.

त्यांनी एकच विचारलं. अर्जात दुरुस्ती होते का, आणि ती घरी न कळता होते का.

दुरुस्ती होत होती, त्यासाठी आठवडाभराची मुदतही होती. पण आई आणि वडील दोघांच्या सह्यांचं निवेदन लागत होतं, आणि मग घरभेट. घरभेटीत घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलायचं हाही नियम. घरी न कळता काहीच होणार नव्हतं. मी मनात आणलं असतं तर काही खटपट करता आली असती का, असं तुम्ही विचाराल. नसती आली. आणि मी केलीही नसती. त्याला प्रामाणिकपणा म्हणू नका, मी या वयात खटपटी करायला फार थकलेलो आहे. उलट मी त्यांचा शेजारी आहे हे मी त्याच दिवशी अनुष्काला सांगितलं आणि ती फाइल तिच्या हाती दिली.

मालोजीला वहिनींनी त्याच दिवशी सांगितलं. मला त्याच्याकडूनच कळलं, तो दुकानातून येताना गल्लीच्या तोंडाशी भेटला. आधी म्हणे तो हसलाच. मग त्याला राग चढला, आणि तो राग वहिनींवर नव्हता. बावीस वर्षं आईनं त्याला बायकोच्या बी.ए.खाली दाबून ठेवलं होतं. घरात कागद आला की तो मुकाट्यानं बायकोकडे सरकवायचा, कारण डोकं तिकडे होतं. आणि आता कळत होतं की बायको त्याच्यापुढे होती ती दोन वर्षांनीच. निवेदनावर त्यानं सही केली. मला म्हणाला, "भाऊ, मला कुणी विचारलंच नाही ना कधी, की बाबा रे, तुला बी.ए. वाली पाहिजे की नाही."

द्वारकाबाईंना सांगायचं मात्र राहिलं. वहिनी रोज ठरवायच्या आणि रोज टाळायच्या. घरभेट रविवारी सकाळी ठरली होती. पोहे झाले की सांगते, असं त्यांनी मालोजीला सांगून ठेवलं होतं. पण अनुष्का पोह्यांआधीच आली.

इंदुरात पाहुणा घरात आला की चौकशी नंतर, खाणं आधी. अनुष्का नको-नको म्हणत होती तरी तिच्यापुढे पोहे आले, शेव आली, कोपऱ्यावरून गरम जिलबी आली. मालोजी मला बोलवायला आला होता, म्हणून मी दाराशी स्टुलावर बसलो होतो. मालोजी खाटेच्या कडेला, तन्वी आतल्या दाराला टेकून उभी. अनुष्कानं टॅबलेट उघडला आणि पहिला प्रश्न विचारायच्या आत द्वारकाबाईंनी नेहमीची माहिती दिली. ही आमची सून, बी.ए. आहे.

अनुष्कानं टॅबलेटवर बोट थांबवलं आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनी हातात पोह्यांची कढई घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती खाली ठेवली.

"मी पदवीधर नाही," त्या म्हणाल्या. "फायनलचे पेपर दिलेच नाहीत."

मला वाटलं होतं द्वारकाबाई ओरडतील, रडतील, निदान गप्प तरी होतील. यातलं काहीच झालं नाही. त्या हसल्या. सुनेची चलाखी त्यांना पटकन कळली होती. त्यांनी अनुष्काच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "बेटा, तू हिचं काही मनावर नको घेऊ. पोरीच्या सीटसाठी झूठ बोलून राहिली आहे. माँ आहे ना. पण आम्ही जगदाळे आहोत, आमच्या घरात असं चालत नाही. रुक, मी तुला सबूत दाखवते."

आणि त्या उठल्या, कपाटातून लग्नपत्रिका काढून आणली. पिवळी पडलेली, कडा अजून शाबूत. चि. सौ. कां. वसुधा, बी.ए. त्यांनी त्या दोन अक्षरांवर बोट ठेवून ती अनुष्कापुढे धरली. सुनेच्या बाजूनंच बोलतो आहोत, अशी त्यांची खात्री होती. सुनेची बी.ए. त्या वाचवत होत्या.

वहिनी पुन्हा म्हणाल्या की ते खरं नाही. द्वारकाबाई पुन्हा हसल्या, पण आता थोड्या चिडून. मालोजी म्हणाला, आई, ती खरं सांगते आहे. त्यावर त्या म्हणाल्या की तू तर गप्पच बस, तुला शिकण्यातलं काय कळतं.

अनुष्कानं तिचं काम केलं. तिला हेच शिकवलेलं होतं. गुणांसाठी शिक्षण कमी दाखवताहेत, घरातली ज्येष्ठ व्यक्ती उलट सांगते आहे, छापील पुरावा समोर आहे. ती शेजाऱ्यांकडे गेली. समोरच्या किराणावाल्यानं गल्ल्यावरूनच सांगितलं, "अरे मैडम, भाभीजी तो बी.ए. हैं, पूरी गली के फारम वही भरती हैं।" चार घरं झाली, चारही ठिकाणी तेच. मग ती माझ्याकडे वळली आणि विचारलं की तारे सर, तुम्ही इतकी वर्षं शेजारी आहात, तुम्हाला काय माहीत होतं. मी काय सांगणार? मलाही बी.ए.च माहीत होतं. तेच सांगितलं. वहिनी ऐकत होत्या.

"काकू, मला हे कॉन्फ्लिक्टिंग म्हणून नोट करावं लागेल," अनुष्का जाताना म्हणाली. "तुम्ही पदवीधर नाही याचा काही कागद असेल तर द्या, मुदतीच्या आत."

काय गंमत आहे बघा. बी.ए. आहे म्हणून सांगितलं तेव्हा बावीस वर्षांत एका माणसानं कागद मागितला नाही. नाही म्हटल्याबरोबर पुरावा हवा.

अनुष्का गेल्यावर घरात जे झालं ते मला भिंतीतून ऐकू आलं. खरं तर काही ऐकू आलं नाही, तेच वाईट होतं. द्वारकाबाईंना कळलं ते मालोजीच्या तोंडावरून. वहिनी खोटं बोलू शकतील, पण आपला मुलगा कुणासाठी एवढं धीटपणे खोटं बोलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दिवसापासून त्यांनी सुनेशी बोलणं सोडलं. पाणी हवं तर तन्वीला सांगायच्या. ताट वहिनींनी वाढलं तर ते तसंच राहायचं.

संध्याकाळी तन्वी माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, माझा फॉर्म वापस घेऊन टाका. आई रोज असं ऐकून घेणार असेल तर मला नको ती सीट. बी.कॉम. करेन मी."

मला राग आला. दिवसभराचा होता, तो तिच्यावर निघाला. म्हटलं, "तुझी आई सगळ्यांसमोर उघडी पडली ती तुझ्या सीटसाठी. आता तू फॉर्म परत घेतलास तर ती फुकटच उघडी पडली. जा, घरी जा आणि तिच्याजवळ बस." ती गेली. जास्त बोललो का, असं नंतर वाटलं. पण त्यातला एक शब्दही मला आज बदलावासा वाटत नाही.

परीक्षा विभागात वहिनींबरोबर मी गेलो, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. वहिनींचं धारचं कॉलेज ज्या विद्यापीठाला जोडलेलं, त्याचं ऑफिस सुदैवानं इंदुरातच. खिडकीत एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांना आमचं काम समजायलाच वेळ लागला. पास झाल्याचा दाखला मागायला लोक येतात, डुप्लिकेट मार्कशीट मागतात, नाव दुरुस्त करून घेतात. पास न झाल्याचा दाखला त्यांच्या नोकरीत कुणी मागितला नव्हता. आधी त्यांना वाटलं आम्ही चेष्टा करतो आहोत. वहिनींनी न थांबता, न लाजता सगळं परत सांगितलं. कँटीनमध्ये मला सांगताना जो आवाज अडखळत होता तो आता सरळ होता. मला वाटतं एवढ्या वेळा खरं सांगून त्यांना त्याची सवय झाली असावी. बाई ऐकून घेऊन आत गेल्या, जुनी नोंदवही काढायला लावली, आणि तिसऱ्या दिवशी या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. प्रथम वर्ष उत्तीर्ण, द्वितीय वर्ष उत्तीर्ण, तृतीय वर्ष सर्व विषयांत अनुपस्थित. वहिनींनी तो बाहेरच्या बाकावर बसून वाचला. पहिल्या दोन वर्षांचे मार्कही त्यावर होते. ते बरेच चांगले होते. त्या मार्कांवर त्यांची नजर जरा थांबली, आणि मग त्यांनी मला विचारलं की मुदत आजच संपते ना. मी म्हटलं, हो. मग चला, म्हणाल्या. वाटेत होळकरांच्या समाधीच्या छत्र्यांपाशी रिक्षा गर्दीत अडकली तेव्हा त्या एकदाच बोलल्या. अर्थशास्त्राचा पहिला पेपर होता, म्हणाल्या, त्या सकाळी मला हळद लागत होती, आणि घड्याळात अकरा वाजले तेव्हा मला कळलं की आत्ता तिकडे पेपर वाटले.

अनुष्कानं तो कागद हातात घेतला आणि दोनदा वाचला. काकू, सॉरी, म्हणाली. असं काही असेल हे आमच्या फॉर्ममध्ये बसतच नव्हतं, असंही म्हणाली. वहिनींनी तिला दोष दिला नाही, मीही देत नाही. फॉर्म माणसाला विचारतो की तू कोण आहेस, आणि आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर शेजारी देतात, सासू देते, लग्नपत्रिका देते. ज्याचं त्याला उत्तर द्यायची पाळी फार उशिरा येते.

सुधारलेली यादी लागली त्यात तन्वीचं नाव होतं. मी दुपारीच ऑफिसातून निघालो आणि थेट जगदाळ्यांकडे गेलो. मालोजी दुकानात होता. तन्वी बातमी ऐकून आईच्या गळ्यात पडली आणि मग बाबांना फोन करायला बाहेर पळाली. वहिनींनी डोळे पुसले, मला बसा म्हणाल्या. द्वारकाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. ऐकलं होतं त्यांनी, पण वळल्या नाहीत. मी उठणार, एवढ्यात त्या बोलल्या, भिंतीकडे पाहतच. सुनेशी त्यांचं हे कित्येक दिवसांतलं पहिलं बोलणं.

"मी तुला कामचोर म्हणून राहिले. सगळ्या गल्लीसमोर. तू एक दिवस तरी सांगायचं होतं ना."

वहिनी मशीनपाशी उभ्या होत्या. त्या काही रागानं बोलल्या नाहीत. खरंच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "सांगितलं असतं, तर तुम्ही मला ठेवलं असतं या घरात?"

द्वारकाबाई वळल्या. मला वाटलं आता त्या हो म्हणतील. कुणीही म्हटलं असतं, सगळं पार पडलंय, नात घरातली पहिली इंजिनियर होणार, समोर परका माणूस बसलाय. हो म्हणायला काय जात होतं? पण त्या बाईनं सुनेकडे नीट बघितलं आणि विचार करून सांगितलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "पहिल्याच महिन्यात धारला रवाना केली असती तुला."

वहिनी मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं सैल बसलेलं पाहिलं नव्हतं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मी एवढी वर्षं उगाचच घाबरून काढली की काय, असं वाटायला लागलं होतं मला."